गणेशमूर्ती आणि विसर्जनाचे धोरण

भाद्रपद चतुर्थीला पूजल्या जाणाऱ्या गणेशास 'पार्थिव गणेश' म्हणतात. पार्थिव म्हणजे मातीचा. परंपरेने सांगितलेली ही माती मागे पडून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती रूढ झाल्या आणि विसर्जन हा श्रद्धेबरोबरच शासकीय धोरणाचाही विषय बनला.

जिप्सम भाजून केलेले प्लास्टर पाण्यात कालवताच पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते व नंतर फारच सावकाश विरघळते. शाडूची मूर्ती तुलनेने लवकर विरते. मात्र ती जड, नाजूक आणि महाग असते. त्यामुळे रायगड जिल्ह्यातील पेणसारख्या केंद्रांतील अनेक कारागिरांचा उदरनिर्वाह प्लास्टरवर अवलंबून राहिला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२० च्या सुधारित तत्त्वांनी प्लास्टरला मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मुभा दिली. जुलैमधील आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करणे बंधनकारक झाले. त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत मिळाली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या घरी विसर्जनाची पद्धत सुचविली आहे. तीत प्लास्टरचे रूपांतर चुनखडी व अमोनियम सल्फेट या खतात होते.

मातीला धर्माचा विरोध नाही. बदलाचा भार कारागिराने एकट्याने सोसायचा का, हा खरा प्रश्न आहे.