एकच गाडी, पण रस्त्यावर आणायची कशी?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका छोट्या जीपचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. तुम्हीही पाहिला असेल. जुन्या गाड्यांचे सुटे भाग, लहानशी चाकं, जीपसारखं तोंड आणि बाइकसारखी किक मारून सुरू होणारं इंजिन. खर्च साधारण 60 हजार रुपये. लोखंडकाम करणाऱ्या एका बापाने ती पोरासाठी बनवली होती. आनंद महिंद्रांनी व्हिडिओ शेअर करून कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर अडवणार. बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो घरी आली आणि जीप महिंद्राच्या ताब्यात गेली.

बातमी गोड होती. माझं डोकं मात्र त्या मधल्या वाक्यात अडकलं. नियमांत बसत नाही, म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गाडीला नंबर मिळतो तो त्या मॉडेलला आधी मान्यता असेल तर. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 126 सांगतो, की प्रत्येक उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना ठरलेल्या संस्थेकडे तपासणीला द्यायचा. त्यातली सगळ्यात माहितीतली संस्था म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सीटबेल्टचे हुक, सगळं तिथे तपासलं जातं. ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलच्या कारना धडक चाचणीही आली: समोरून ताशी 56 किलोमीटरने, बाजूने 50 ने. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे ओळखीचं वाटतं, आधी टेस्ट पास करा मग रिलीज. फरक इतकाच, की आमची टेस्ट फेल झाली तर कोड शाबूत राहतो. धडक चाचणीत गाडी पास झाली तरी तिचा चेंदामेंदा होतो. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने काय करायचं? चाचणीला दिली तर मान्यता मिळेल, पण गाडी उरणार नाही.

मी शिरवळचा. हायवेवर काळ्यापांढऱ्या नक्षीच्या स्टिकरने झाकलेल्या गाड्या दिसल्या की आम्ही पोरं नंबर प्लेट बघायचो. लाल पाटीवर पांढरी अक्षरं, म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट. बाजारात येण्याआधी कंपन्या नवी गाडी अशी रस्त्यावर आणू शकतात. ही सोय उत्पादक आणि डीलर यांच्यासाठी आहे, देवराष्ट्रेच्या शेडसाठी नाही.

गंमत म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी चित्र बरोबर उलटं होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये आपल्या छोट्या कारचा पहिला नमुना बनवला. शिक्षण जेमतेम सातवी. गाडीचं नाव मीरा. पुढची वीसेक वर्षं ते एकामागून एक नमुने सुधारत राहिले. इंजिन मागे, सस्पेन्शनमध्ये रबर, आणि सत्तरच्या दशकात किंमत ठरवली 12 हजार रुपये. मीरा नंबर प्लेट लावून रस्त्यावर धावली. तेव्हा लागू होता 1939 चा मोटार वाहन कायदा. आजच्यासारखी मॉडेलची धडक चाचणी नव्हतीच. एक गाडी चालवणं जमत होतं. अडलं ते हजार गाड्या बनवण्यापाशी. 1951 च्या उद्योग कायद्याने कारखान्याला सरकारी परवाना लागायचा, आणि दिल्लीत 'छोटी कार' हा विषय समित्यांमध्ये फिरत होता. शेवटी मान मिळाला संजय गांधींच्या मारुतीला, आणि खरी मारुती 800 आली ती सुझुकीचा हात धरून, डिसेंबर 1983 मध्ये. मीराचं उत्पादन कधी सुरूच झालं नाही.

1993 मध्ये कार उद्योगाचा परवाना रद्द झाला. आता कारखाना कोणीही काढावा. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा दुसऱ्या खोलीत गेला: पूर्वी अनेक गाड्या बनवणं अवघड होतं, आता एक गाडी चालवणं.

मधल्या काळात काही हौशी मंडळींनी हा उंबरठा ओलांडायचा प्रयत्न केला. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची उघडी दोन आसनी गाडी बनली, इंजिन रेनोचं, 1149 सीसी. अलिबागजवळ चिंकारा रोडस्टर बनली, तिच्यात अँबेसेडरमधलं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन. 2012 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची अवंती झळकली, तिचंही इंजिन रेनोचंच. इंजिन उसनं घेण्यात काही कमीपणा नाही. छोट्या उत्पादकाला स्वतःचं इंजिन धुराच्या नियमांत बसवणं परवडतच नाही.

हलक्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. बजाजने जानेवारी 2012 मध्ये आरई60 दाखवली: साधारण 400 किलो, 216 सीसी, ताशी 70 किलोमीटर. ती रिक्षा नव्हती, कारही नव्हती. नियमांत तिच्यासाठी रकानाच नव्हता. मग 'क्वाड्रिसायकल' हा नवा वर्ग तयार झाला, न्यायालयात याचिका झाल्या, आणि खासगी वापराची मुभा आली नोव्हेंबर 2018 मध्ये. एप्रिल 2019 ला क्यूट या नावाने ती महाराष्ट्रात विक्रीला आली, 2 लाख 48 हजारांना. वाळूजला कारखाना, हाताशी वकील आणि पैसा असणाऱ्या बजाजला सात वर्षं लागली! मीरावाल्या शंकररावांना किती लागली असती?

पण नियमांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. 2016 मध्ये युरो एनकॅपने क्यूट आपटून पाहिली तेव्हा पाचपैकी एकच तारा मिळाला. घरच्या जीपमध्ये बसून, मागे भरलेला ट्रक असताना, खंबाटकी चढायला मी आईला पाठवणार नाही. वजन कमी ठेवलं की इंजिन लहान चालतं, पेट्रोल वाचतं, पण समोरच्याचं वजन त्याने कमी होत नाही.

तरी तिसरा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये हौशी गाड्यांची मोठी परंपरा. 1957 ची लोटस सेव्हन जेमतेम 500 किलोची. सुटे भाग घेऊन गिऱ्हाईकाने घरी जोडायची, कारण तयार गाडीवर लागणारा कर सुट्या भागांवर नव्हता. अशा घरच्या गाड्यांसाठी तिथे 1998 पासून एकेका गाडीची तपासणी आहे. 2009 पासून तिचं नाव आयव्हीए. तपासनीस तुमची एकच गाडी बघतो: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, बाहेर आलेल्या धारदार कडा. गाडी फोडत नाही. पास झाली की नंबर.

आपल्याकडेही सूट देता येते, हे सरकारने दाखवलं आहे. सप्टेंबर 2018 च्या अधिसूचनेनुसार युरोप किंवा जपानची मान्यता असलेल्या परदेशी मॉडेलच्या वर्षाला 2,500 गाड्या इथली वेगळी चाचणी न देता आणता येतात. तिथली चाचणी झालेली असते, त्यामुळे हे तर्काला धरून आहे. पण या सुटीचा फायदा मुख्यतः महागड्या गाड्यांना होतो. सातारा-सांगलीच्या वर्कशॉपमधल्या एका गाडीसाठी आरटीओच्या आवारात ब्रेक तपासून, वेगाची मर्यादा घालून, हायवे बंद ठेवून जिल्ह्यापुरता नंबर देणारा रकाना फॉर्मवर अजून नाही.