गाड्यांचा आवाज आणि माणसांचे कान

कोणत्या जातीची आगगाडी अधिक आवाज करते, हा प्रश्न वरवर पाहता लहान मुलांच्या कोड्यासारखा वाटतो. पण आपल्या मराठीने त्याचे अर्धे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. झुकझुक, खडखड, घरघर, सणसण हे शब्द आपण सहज बोलून जातो. त्यांतला प्रत्येक शब्द एका निराळ्या यंत्राचा आहे. या ध्वनींचा इतिहास पाहताना आम्हांला एक गोष्ट प्रामुख्याने दिसते. गाडी सुधारली म्हणून तिचा आवाज नाहीसा झाला नाही. तो इंजिनातून चाकात उतरला आणि चाकातून वाऱ्यात शिरला. आणि प्रत्येक वेळी तिकीट काढणाऱ्याच्या कानाला आधी विसावा मिळाला, रुळाकाठी राहणाऱ्याच्या कानाला सर्वांत शेवटी.

प्रथम झुकझुक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी निघाली, तिला चौदा डबे आणि तीन इंजिने होती. वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधले काम आटोपलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार सुस्कारे येतात, आणि तीच आपली झुकझुक. हा आवाज बंद करण्याची सोय नव्हती. बाहेर पडणारी वाफच भट्टीतून हवा ओढून घेई आणि विस्तव फुलवी. सुस्कारा दाबला असता तर विस्तवच मंदावला असता. इंजिनाचा आवाज हा त्याचा श्वास होता, असे म्हणावयास हरकत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली. १९३० साली दख्खनची राणी पुण्याला विजेवर येऊ लागली, आणि बोरघाटाने धुराड्यावाचून चढ चढणारी गाडी पाहिली. मात्र वीज म्हणजे मुकेपणा नव्हे. घाटातल्या त्या काळच्या मालगाडीच्या विजेच्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत, आणि ती उभी असतानाही कण्हल्यासारखा आवाज करीत. पुढे डिझेल आले. १९६२ साली परदेशातून आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून जी इंजिने येऊ लागली, त्यांत सोळा सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती होती. विजेची गाडी फलाटावर जवळजवळ गप्प उभी राहते. डिझेलचे इंजिन मात्र उभे असले तरी घरघरत असते. तेव्हा स्टेशनात उभे राहून निकाल द्यावयाचा झाला, तर डिझेल सर्वांत गोंगाटाचे आणि वीज सर्वांत शांत, यात संशय नाही.

परंतु गाडीने वेग घेतला की हा निकाल फिरतो. आता बोलते ते चाक. आपल्याकडे पूर्वी तेरा मीटरांचे रूळ फिशप्लेटांनी जोडलेले असत आणि दर सांध्याला चाक आदळे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे प्रत्येक चाक सेकंदभराच्या आतच पुढच्या सांध्यावर पोचे. रूळ लांबच लांब सांधून टाकल्यावर खडखड गेली, तरी घरंगळण्याचा आवाज राहिला. तो चाकाच्या आणि रुळाच्या खडबडीतपणातून येतो. जुन्या पद्धतीच्या डब्यांत ब्रेकचा ठोकळा थेट चाकाच्या धावेवर दाबला जातो. ठोकळा बिडाचा असला, तर धाव खरबरीत होते. २००० सालापासून आपल्याकडे जे जर्मन बनावटीचे डबे आले, त्यांत ब्रेक आसावरच्या तबकड्यांना लागतो आणि धाव गुळगुळीत राहते. एवढ्या एका फरकाने आठ-दहा डेसिबल वाचू शकतात. दहा डेसिबल उतरले म्हणजे कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा सुधारणेचे मोल कळेल.

वेग दुप्पट झाला की चाकाचा आवाज सुमारे नऊ डेसिबलनी चढतो. वाऱ्याचा आवाज मात्र सुमारे अठरांनी! म्हणून अतिवेगवान गाडीत अखेर वाराच सर्वांवर मात करतो. हा धडा जगाला जपानने शिकवला, आणि तो फुकट मिळालेला नाही.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका शिंकान्सेन सुरू झाली. ताशी २१० किलोमीटर धावणाऱ्या या गाडीत बसलेला उतारू निवांत होता. पण नागोया शहरात सुमारे सात किलोमीटर हा मार्ग दाट वस्तीतून जातो. तिथे घरांना हादरे बसत, झोप मोडत असे. खडीवाचूनचे पोलादी पूल तर नगाऱ्यासारखे घुमत. अखेर १९७४ साली तिथल्या ५७५ रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढली. त्यांची मागणी पैशांपुरती नव्हती. आमच्या वस्तीतून गाडीचा आवाज आणि हादरा कमी करा, असे त्यांचे म्हणणे होते. १९७५ साली सरकारने मर्यादा घातली: राहत्या वस्तीत ७० आणि व्यापारी भागात ७५. १९८० साली न्यायालयाने नुकसानभरपाई दिली, पण आवाजाला बंधन घालण्यास नकार दिला. लाखो प्रवाशांची सोय एका पारड्यात आणि काही शे घरांची झोप दुसऱ्या पारड्यात! १९८५ साली वरच्या न्यायालयानेही तेच केले. १९८६ साली तडजोड झाली आणि आवाज उतरवण्याची जबाबदारी रेल्वेने पत्करली.

रहिवासी खटला हरले की जिंकले? कागदावर पाहिले तर अर्धे हरले. पण मर्यादा आखली गेली, आणि ती पाळल्याशिवाय वेग वाढवता येईना. मग अभियंत्यांना बुद्धी चालवणे भाग पडले. रुळाकडेला भिंती उभ्या राहिल्या. बोगद्यात वेगाने शिरणारी गाडी पुढची हवा दाबते आणि दुसऱ्या तोंडाशी तोफेसारखा धडाका होतो, तोही आटोक्यात आणणे प्राप्त झाले. एजी नाकात्सू हे अभियंते पक्ष्यांचे जाणते निरीक्षक होते. पाण्यात सूर मारताना फारसे पाणी न उडवणाऱ्या खंड्याची चोच पाहून गाडीचे नाक लांबवले गेले. घुबडाच्या पिसांवरून तारेला टेकणाऱ्या दांडीचा आवाज कमी केला गेला. १९९७ साली ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागलेल्या गाडीत या दोन्ही गोष्टी होत्या.

हा इतिहास परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. तंत्र तेच जपानचे, आणि वाटेवर पहिल्या आगगाडीचे ठाणेही आहे. या मार्गाच्या पुलांवर कडेने ध्वनिरोधक भिंतींची योजना केलेली आहे. त्या भिंतींचे श्रेय आम्ही यंत्राला देत नाही. रात्री झोप मोडली म्हणून जे बारा वर्षे न्यायालयात उभे राहिले, त्या नागोयाच्या रहिवाशांचे ते श्रेय आहे. गाडी किती आवाज करते हे यंत्र ठरवते. किती करू द्यावयाचा, हे नागरिकांनीच ठरवावयाचे असते.