नाक किती रुंद असावे?

मी तीस वर्षे कारखान्याच्या तपासणी खात्यात व्हर्निअर हाताळला. माप घेताना हात क्वचितच चुकतो. कशाशी ताडायचे ते चुकते. नायजेरियातील योरुबा तरुणांच्या चेहऱ्यांची मोजमापे वाचताना हे पुन्हा आठवले.

रीत सोपी आहे. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या तळापर्यंतची उंची गालांच्या हाडांमधील सर्वाधिक रुंदीने भागायची आणि शंभराने गुणायचे. उत्तर ८५ ते ९० आले तर चेहरा मध्यम, खाली रुंद, वर लांबट. (माझा ८२. घरात कोणालाच आश्चर्य वाटले नाही.) तरुणच निवडतात, कारण हाडांची वाढ पुरी झालेली असते आणि दात शाबूत असतात, दात गेले की चेहऱ्याची उंची घटते.

घोटाळा पुढे आहे. युरोपीय कलेतून प्लास्टिक सर्जरीत आलेले एक सूत्र सांगते, की नाकाची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधील अंतराइतकी असावी. टोरंटोच्या लेस्ली फार्कस यांनी १९८५ साली अशी सूत्रे उत्तर अमेरिकेतील गोऱ्या तरुणांवर तपासली, तर तिथलेही बरेच चेहरे त्यांत बसेनात. योरुबांचे नाक बहुधा या अंतराहून रुंद असते. सर्जनने सूत्र पाळले तर चांगले नाक 'दुरुस्त' व्हायचे! म्हणून नायजेरियातले अभ्यासक आपल्या माणसांची सरासरी स्वतः काढतात.

नाकाच्या मापाचा दंश आपल्यालाही ठाऊक आहे. रिस्लेने त्यावरून जातींची उतरंड लावली. ती उत्तरेतील एका पट्ट्याबाहेर टिकत नाही, हे घुर्ये यांनी १९३२ साली दाखवले.

योरुबांचे पवित्र नगर इफे. १९१० साली तिथले एक धातूचे डोके पाहून फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने त्याचा संबंध बुडालेल्या अटलांटिसशी जोडला. इतके हुबेहूब काम आफ्रिकी हातांचे, हे त्याला पटेना. १९३८ साली घराचा पाया खणताना तिथेच अशी आणखी डोकी निघाली, जवळजवळ माणसाच्या आकाराची, साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातली. पण त्याच इफेच्या पूर्णाकृती मूर्तींत डोके उंचीच्या सुमारे चौथा भाग भरते. जिवंत माणसात ते सातवा-आठवा भाग असते. कारागिराला खरे माप येत होते, हे त्या सुट्या डोक्यांवरून दिसतेच. मूर्ती घडवताना त्याने ते बाजूला ठेवले, कारण योरुबांच्या समजुतीत माणसाचे नशीब 'ओरी'त, म्हणजे डोक्यात असते.