कलेक्ट
कलेक्ट : इंग्रजी भाषेतील सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालणारे क्रियापद. विखुरलेल्या वस्तू वा माणसे एके ठिकाणी आणणे, हा त्याचा मूळ अर्थ असून ते ‘एकत्र’ व ‘वेचणे’ या अर्थांच्या दोन लॅटिन घटकांपासून बनलेल्या धातूवरून आले आहे. क्रियापदाचा उच्चार करताना आघात दुसऱ्या अवयवावर येतो. पहिल्या अवयवावर आघात दिला की तोच शब्द अँग्लिकन चर्चमधील एका छोट्या प्रार्थनेचे नाव ठरतो.

तिकिटे किंवा नाणी जमवणे, वर्गणी गोळा करणे, कर वसूल करणे, दुकानात ठेवलेली वस्तू ताब्यात घेणे, शाळा सुटल्यावर मुलाला आणणे आणि गोंधळलेल्या मनाला सावरणे हे सारे अर्थ इंग्रजी या एकाच क्रियापदावर भागवते. मराठीत त्यांसाठी वेगवेगळी क्रियापदे योजावी लागतात आणि अरबीतही तीच रीत आहे. अरबी कोशांत क्रियापद भूतकाळी तृतीय पुरुषी एकवचनी पुल्लिंगी रूपात नोंदवतात, म्हणजे ‘जमअ’ या नोंदीचा शब्दशः अर्थ ‘त्याने गोळा केले’ असा होतो. गोळा करणे या सर्वसाधारण अर्थी हेच क्रियापद चालते. लोक आपण होऊन जमले असतील तर त्याच धातूची ‘तजम्मअ’ किंवा ‘इज्तमअ’ ही अकर्मक रूपे येतात, आणि शक्ती किंवा विचार एकवटण्यासाठी ‘इस्तज्मअ’ हे रूप वापरतात. येणे असलेली रक्कम वसूल करण्यासाठी ‘हस्सल’, सरकारी करासाठी ‘जबा’, तर ठेवलेली वस्तू ताब्यात घेण्यासाठी ‘इस्तलम’ अशी निराळी क्रियापदे आहेत. तीन व्यंजनांचा धातू घेऊन त्यात स्वर व उपसर्ग बदलत शब्दांचे कुळ वाढवणे हा अरबीचा स्वभाव असल्याने ‘जमअ’च्या धातूतूनच जमात, जुम्मा (एकत्र येण्याचा वार, म्हणजे शुक्रवार), जामा मशिदीतील ‘जामा’ आणि विद्यापीठाला लावला जाणारा ‘जामिआ’ हे शब्द निघाले आहेत.

मराठी वाचकाला या अरबी क्रियापदांपैकी निदान दोन अनोळखी नाहीत. मात्र ती त्याच्याकडे ग्रंथांतून आली नसून फारसीत चालणाऱ्या कारभारातून, मुख्यतः महसुली दप्तरातून आली. जमा, जमाखर्च, सारा ठरवण्याची ‘जमाबंदी’ आणि हिशेब तपासणारा ‘मजमूदार’ किंवा मुजुमदार हे शब्द पहिल्या धातूचे आहेत. जमणे, जमवणे, जमाव हे शब्दही त्याच्याशीच जोडले जातात, आणि तसे असेल तर मराठीने अरबी नामाला ‘करणे’ जोडून न थांबता त्याचे सरळ देशी क्रियापद केले, असे म्हणावे लागते. ‘हस्सल’च्या धातूतून हासील, महसूल व तहसील हे शब्द आले. तहसील म्हणजे मुळात वसुलीची क्रिया. पुढे ती ज्या प्रदेशात करायची तो प्रदेश आणि ती करणारी कचेरी या दोहोंना तेच नाव पडले. शिवकाळात रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने अशा शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले, तरी गावच्या चावडीवर महसूल हा महसूलच राहिला.

या शब्दव्यवहाराचे उदाहरण म्हणून बोरी नदीकाठच्या नळदुर्गाचा (तुळजापूर तालुका, धाराशिव जिल्हा) विचार करता येतो. बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशा सत्ता या किल्ल्याने पाहिल्या आणि त्यांच्या कारभारात फारसीचे वजन मोठे होते. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला, तो निजामासाठी इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च तेथील महसुलातून भागवण्यासाठी. म्हणजे येथील सत्तांतराच्या मुळाशीच वसुली होती. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर या कादंबरीकार अधिकाऱ्याकडे आला. त्याचे पद मात्र ‘कलेक्टर’ नव्हे, तर डेप्युटी कमिशनर होते. बंगालमध्ये 1772 साली वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जिल्ह्याच्या मुख्याला महसूलवसुलीवरूनच कलेक्टर हे नाव मिळाले होते. नळदुर्गात त्या नावाचा अधिकारी नसला, तरी जमीनमोजणी, आकारणी आणि वसुली ही त्याच जातीची कामे होती. 1860 मध्ये हा जिल्हा निजामाकडे परत गेला. निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865 च्या सुमारास केलेल्या जिल्हाबंदीनंतर हैदराबाद संस्थानात जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ म्हणवला जाई, आणि या पदनामातील ‘अव्वल’ व ‘तालुका’ हे दोन्ही शब्द अरबीच आहेत. वसूल किती आणि बाकी किती हे दाखवणाऱ्या हिशेबाला ‘वासलबाकी’ म्हणत.

येथेच सावध राहावे लागते, कारण शब्द ओळखीचा असला तरी अर्थ तोच राहिलेला नसतो. अरबीत ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणे; रक्कम खजिन्यात पोहोचली या अर्थछटेवरून मराठीत वसूल म्हणजे येणे पदरात पडणे असा अर्थ रूढ झाला. आधुनिक अरबीत ‘महसूल’ म्हणजे शेतातले पीक, तर मराठीत त्या पिकावर राज्याने घेतलेला हिस्सा आणि पुढे सरकारचे एकूण उत्पन्न. ‘तहसील’ हा शब्द अरब देशांत वसुलीइतकाच विद्यार्थ्याने मिळवलेल्या विद्येसाठीही वापरतात. मराठीत त्याने कचेरीबाहेर पाऊल टाकलेले नाही. त्यामुळे ‘कलेक्ट’चे अरबी भाषांतर करताना मराठीतील जमा, वसूल, महसूल हे शब्द धातू ओळखण्यापुरते उपयोगी आहेत. कर, भाडे किंवा थकबाकी यांसाठी ‘जमअ’ न लिहिता ‘हस्सल’ किंवा ‘जबा’ लिहावे, आणि अरबी मजकुरात ‘महसूल’ आढळल्यास त्याचे मराठी भाषांतर बहुतेक ठिकाणी ‘पीक’ असेच करावे.