आभाळातली मदत

१९९७ सालचा 'बॉर्डर' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. राजस्थानच्या वाळवंटातले लोंगेवाला हे ठाणे घराघरांत पोचले ते त्या चित्रपटामुळे. मूठभर जवान रात्रभर झुंजतात आणि दिवस उजाडताच विमाने येतात. पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : विमाने रात्रीच का आली नाहीत? उत्तर शोधायचे तर आणखी सहा वर्षे मागे, छांबच्या रणांगणावर जावे लागते.

१ सप्टेंबर १९६५. जम्मूच्या पश्चिमेला छांब भागात पाकिस्तानने पॅटन रणगाड्यांनिशी मोठा हल्ला चढवला. आपल्याकडे तिथे हलके एएमएक्स रणगाडे होते, तेही थोडे. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी वायुदलाची मदत मागितली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. विमाने उडवायची म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढवायची, हे त्यांना कळत होते. तरीही वेळ न दवडता त्यांनी होकार दिला. थोड्याच वेळात पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमाने झेपावली.

वेळ मावळतीची, खाली धुळीचे लोट. वरून पाहिले की आपला रणगाडा आणि शत्रूचा रणगाडा, दोन्ही सरकणारे काळे ठिपकेच. वेगात जाणाऱ्या वैमानिकाला नेम धरायला काही क्षणच मिळतात. त्या क्षणांत 'हा आपला, तो परका' असे सांगणारा आवाज त्याच्या कानाशी नव्हता. शत्रूचे नुकसान झाले, पण आपलेच काही रणगाडे आणि दारूगोळ्याच्या गाड्याही आपल्याच विमानांच्या माऱ्यात सापडल्या. चार व्हॅम्पायर त्या संध्याकाळी परतली नाहीत. धैर्यात कुठे उणे नव्हते. उणे होते ते जमीन आणि आकाश यांच्या बोलण्यात.

हा धडा वाया गेला नाही. १९६९ साली एअर चीफ मार्शल पी. सी. लाल वायुदलप्रमुख झाले. भूदलाला मदत करणे या कामाला त्यांनी मोठे महत्त्व दिले. लष्कराच्या मुख्यालयांशेजारी वायुदलाची केंद्रे बसवली गेली, दोन्ही दलांनी एकत्र सराव केले. पद्धत ऐकायला सोपी आहे. पायदळासोबत किंवा रणांगणावर घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानात एक अधिकारी असतो. लक्ष्य कुठे, आपली माणसे कुठे, हल्ला कोणत्या दिशेने करायचा, हे तो बिनतारी यंत्रावरून वैमानिकाला सांगतो. त्याचा एक शब्द चुकला तर आपलीच माणसे दगावतात.

आता लोंगेवाला. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. ठाण्यावर २३ पंजाब पलटणीचे शंभर-सव्वाशे जवान आणि त्यांचे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून रणगाड्यांचा ताफा येत होता. जैसलमेरच्या तळावर हंटर विमाने होती, पण मोजकीच; आणि अंधारात हल्ला करण्याची साधने त्यांच्यावर नव्हती. रात्री ती आली असती, तर अंधारात छांबचीच गत होण्याचा धोका होता. म्हणून उत्तर मिळाले : पहाटेपर्यंत तग धरा. जवानांनी तो धरला. रणगाडाविरोधी तोफांनी काही रणगाडे टिपले. काही वाळूत रुतले.

५ डिसेंबरची सकाळ झाली आणि हंटर जोडीजोडीने येऊ लागली. खाली मेजर आत्मासिंग भूदलाच्या 'कृषक' या छोट्या, संथ विमानातून घिरट्या घालत लक्ष्ये दाखवत होते. मोकळ्या वाळूत रणगाड्याला लपायला ना झाड, ना घर. त्याचे चिलखत समोरून जाड, वरून पातळ. त्यात रक्षणाला पाकिस्तानी विमानेही नव्हती. जैसलमेरला परतायचे, रॉकेटे-गोळ्या भरायच्या आणि पुन्हा यायचे, असा दिवसभर हंटरांचा क्रम चालला. हल्ला मोडून पडला. निकामी झालेले आणि सोडून दिलेले मिळून तीसहून अधिक रणगाडे वाळवंटात उरले. जीव वाचवायला सैरावैरा फिरलेल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या वायुदलाने वरून टिपलेल्या छायाचित्रात आजही पाहता येतात.

पुढे श्रेय कोणाचे, पायदळाचे की वायुदलाचे, यावर बराच वाद झाला. मला तो वाद अपुरा वाटतो. रात्र काढणारे नसते तर सकाळी वाचवायला ठाणेच उरले नसते. सकाळी हंटर आली नसती तर रात्रीची झुंज व्यर्थ गेली असती. आणि या दोघांच्या मधला, 'आपले इथे आहेत, परके तिथे आहेत' असे सांगणारा आवाज? त्याच्याकडे चित्रपटाचे फारसे लक्ष जात नाही.

आज लेझरच्या साहाय्याने नेमके लक्ष्य गाठणारे बॉम्ब आहेत, रात्री पाहणारी यंत्रे आहेत. तरी कळ दाबण्याआधीचा प्रश्न छांबच्या संध्याकाळी होता तोच आहे : खाली आपले कोण आहे? त्याचे खरे उत्तर वेळेवर पोचते, तेव्हाच आभाळातली मदत ही मदत ठरते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)