रक्तवाहिन्या वाढताना पाहायच्या कशा?

मृत प्राण्याच्या विच्छेदनात रक्तवाहिन्या दिसतात, पण त्या वाढताना दिसत नाहीत. वाढ पाहायची तर प्राणी जिवंत हवा आणि पाहण्यामुळे वाढीत ढवळाढवळ होता कामा नये. या पेचातून मार्ग कसा निघाला, ते आपण पाहू.

बेडकाच्या डिंभाची (टॅडपोलची) शेपटी पातळ व पारदर्शक असते. अमेरिकेतील एलियट क्लार्क यांनी तिच्यातील त्याच त्या वाहिन्यांची चित्रे दिवसामागून दिवस काढली. आधीच्या केशवाहिनीच्या भित्तिकेतूनच नवा कोंब फुटतो, हे त्यांनी 1918 साली मांडले. 1924 मध्ये सँडिसन यांनी सशाच्या कानात पारदर्शक खिडकी बसवली. पण खिडकीसाठी जखम करावी लागे. म्हणजे दिसे ती जखम भरतानाची वाढ!

माणसाच्या शरीरात मात्र एक खिडकी निसर्गानेच ठेवली आहे. हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये नेत्रदर्शक जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरील वाहिन्या दिसू लागल्या. 1961 मध्ये नोव्हॉटनी आणि ऑल्व्हिस या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी शिरेतून फ्लुरेसीन हे रंगद्रव्य देऊन त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नव्या वाहिन्या गळक्या असतात. त्यातून रंग झिरपतो आणि तेवढी जागा उजळते.

सुईही टळली ती प्रकाशाच्या आधारे. 1991 मध्ये अमेरिकेत ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी जन्माला आली. पुढे याच तंत्राने एकाच जागेची प्रतिमा लागोपाठ अनेकदा घेण्यात येऊ लागली. स्थिर ऊतींकडून येणारा संकेत बहुतांशी तसाच राहतो, वाहत्या रक्तपेशींकडून येणारा बदलतो. दोन्हींतील फरक म्हणजेच वाहिन्यांचा नकाशा.

मग रंगद्रव्य निरुपयोगी ठरले का? नाही. या नकाशात प्रवाह दिसतो, गळती दिसत नाही. कोणती पद्धत वापरायची, हे आपला प्रश्न ठरवतो.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. मधुमेहात दृष्टिपटलावर फुटणाऱ्या नव्या वाहिन्या नाजूक असतात. त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते, आणि तोवर रुग्णाला स्पष्ट दिसत असते. म्हणून ‘मला नीट दिसते’ असे म्हणणाऱ्या मधुमेहींनीही दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. विद्यार्थ्यांमार्फत हा निरोप घरोघरी सहज पोचेल.