स्वयंनिर्णय कोणाचा?

३० ऑक्टोबर १९९५ रोजी कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. बाजूने ४९.४२ टक्के मते पडली. देश थोडक्यात वाचला. क्वेबेक फुटता, तर पूर्वेचे चार प्रांत उरलेल्या कॅनडापासून तुटले असते. पण याआधी सहाच दिवस उत्तरेतील क्री आदिवासींनी आपले वेगळे सार्वमत घेतले होते. ९६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी आपली भूमी कॅनडातून नेण्यास नकार दिला. बहुसंख्याकांना स्वयंनिर्णय हवा, मग मूळनिवासींना का नको? १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी फुटणे घटनाबाह्य ठरवले. वाटाघाटीत अल्पसंख्याकांचे हक्क डावलता येणार नाहीत, असेही बजावले. स्वातंत्र्य मागणाऱ्याने आधी आपल्याच उंबरठ्याबाहेर कोणाला उभे केले आहे, हे पाहावे. हा सवाल आपल्याला नवा नाही.